सहावा हात

१२ जानेवारी १९४७

मोजणी काल संध्याकाळी आटोपली. अकरा जागा. प्रजापक्ष सहा, दरबारपक्ष पाच. त्या सहात मी एक. अडुसष्टाव्या वर्षी! छडी मारणाऱ्या मास्तराला लोक मतं देतात हे आधी कळलं असतं तर आणखी चार जणांना झोडपून ठेवलं असतं.

सकाळी दौलत आला. सहाजणांचा पुढारी तो. दारातूनच ओरडला, "गुरुजी, आपलं राज आलं!" आणि मला उचललंच. सुभेदार होऊन लढाईवरून परतलाय, मिशी कानापर्यंत गेलीय, पण मिठी तीच, चौथीतल्या दौल्याची. माझा चष्मा खाली पडला. फुटला नाही.

आक्का चुलीपाशीच होती. म्हणाली, "भाऊ निवडून आला म्हणून बहिणीच्या भाकरी चुकत न्हाईत." परवा जन्मात पहिल्यांदा मत देऊन आली. कुणाला दिलं ते मला सांगत नाही.

महाराजांचा जाहीरनामा पुन्हा वाचला. सभेचा ज्याच्यावर विश्वास, तो मुख्य मंत्री. त्यानं आपले दोन मंत्री निवडायचे. तोवर कारभार दिवाणसाहेबांकडेच. आमच्या एवढ्याशा संस्थानात हे घडतंय. माझ्या वडिलांनी राजवाड्यापुढून जाताना आयुष्यभर चपला हातात घेतल्या.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. माजी विद्यार्थी येऊन गेले. एकेकाचे केस पिकलेत आणि पाया पडताना "गुरुजी, ओळखलं का?" विचारतात. ओळखतो. तोंडावरून नाही, खोडीवरून.

वाडीवरून बिरूबा आला, खांद्यावर नवी घोंगडी. मला दिली. नको म्हटलं तर म्हणाला, "मतासाठी न्हाई दिली. मत दिऊन झालं. आता थंडी हाय म्हून दिली." मग कुरणाचं. दरबारच्या राखीव कुरणात गवत गुडघाभर वाळून जातं आणि बाहेर मेंढरं माती चाटतात. आत शिरलं की कोंडवाडा. प्रचारात मी सात वाड्यांच्या पारांवर उभा राहून शब्द दिलाय, आपलं मंत्रिमंडळ आलं की पहिलं काम कुरण खुलं. उन्हाळ्याच्या आत.

"उन्हाळ्याच्या आत," बिरूबा पुन्हा म्हणाला. जाताना परत एकदा म्हणाला.

२० जानेवारी

सभेची पहिली बैठक. दरबार हॉलचं छत पावसाळ्यात खचलंय म्हणून आमच्या मराठी शाळेच्या मोठ्या खोलीत! छत्तीस वर्षं जिथं उभा राहिलो तिथंच. भिंतीवरचा नकाशा काढलेला, खिळा तसाच. त्या खिळ्याला मी टोपी अडकवायचो. आत पाऊल टाकलं आणि हात आपसूक टोपीकडं गेला. ओल्या पाट्यांचा वास अजून तिथंच आहे, निदान माझ्या नाकात तरी.

शपथा झाल्या. मग अध्यक्ष कोण? दौलत उभा राहिला. "वडीलधाऱ्यांचा मान पयला. आपल्या सगळ्यांचं गुरुजी हायत. दुसरं नाव घ्यायचंच न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लगेच पलीकडून शंकर वकील उठला, दरबारपक्षाचा पुढारी. तोही माझाच विद्यार्थी. "माझा पाठिंबा." टाळ्या. मला हाताला धरून खुर्चीत नेऊन बसवलं. राजवाड्यातून आणलेली, उंच पाठीची, हातांवर कोरलेले मोर. फेटा बांधला. पानसुपारी झाली.

शंकऱ्या फारच गोड हसत होता. हिशेबात पैकीच्या पैकी मार्क मिळाले की असाच हसायचा.

एक गालबोट. रावसाहेब इनामदार पान न घेताच उठून गेले. त्यांच्या पक्षात वयानं सगळ्यांत थोर. हरल्याचा राग, असं सगळे म्हणाले.

पण खोटं कशाला लिहू. त्या खुर्चीत बसलो तेव्हा वाटलं, निवृत्त झाल्यापासूनची आठ वर्षं कुणीतरी पुसून टाकली.

२१ जानेवारी

पहाटे जाग आली आणि अंथरुणात उठून बसलो.

अध्यक्षाला मत नसतं. दोन्हीकडं सारखी पडली तरच त्यानं द्यायचं.

सहातून एक गेला. राहिले पाच. पलीकडं पाच.

वजाबाकी! दुसरीची! ही मी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. आणि मान देताना, मान घेताना आम्हा सहांतल्या एकाच्याही डोक्यात आली नाही. ज्याच्या डोक्यात आली तो पलीकडं उभा राहून पाठिंबा देत होता.

दौलतला निरोप पाठवला. आला, ऐकलं, बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. "पण गुरुजी, तुमास्नी सोडून दुसऱ्याला कसं बशिवनार हुतो? लोकं काय म्हनली असती?" बरोबर आहे. लग्नात असो, पंचायतीत असो, पहिला मान वयाला. आमच्याकडं कुणी आधी डोकी मोजत नाही.

२७ जानेवारी

विश्वासाचा ठराव. "सभेचा दौलतराव यांच्यावर विश्वास आहे." हात वर. पाच. विरुद्ध, पाच. रावसाहेबांनी हात वर केला, पण नजर माझ्या फेट्यावर.

सगळी खोली माझ्याकडं बघतेय. दारात, खिडक्यांत माणसं. बिरूबा खिडकीत.

मी म्हणालो, "अध्यक्ष आपलं मत विचार करून देतील. बैठक दहा फेब्रुवारीपर्यंत तहकूब."

कुणीतरी बाहेर हसलं. परीक्षेत उत्तर येत नसलं की पोरं लघवीला जायची परवानगी मागतात, तसंच केलं मी.

२८ जानेवारी

दिवाणसाहेबांनी बोलावलं. चहा, बिस्किटं. फार सभ्य माणूस. मुंबईहून आलेलं कायद्याचं पुस्तक पुढं केलं, खूण घालून. अर्थ असा की अध्यक्षानं आपल्या एका मतानं नवं काही घडवून आणू नये. सारखी पडली तर आहे ते चालू राहू द्यावं. मोठमोठ्या सभांची ही रीत आहे म्हणे.

विचारलं, "पण साहेब, इथं 'आहे ते' म्हणजे काय?"

"म्हणजे मी," ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

३ फेब्रुवारी

शंकर आला. पायांवर डोकं ठेवलं. हुशार पोरगा. याला साताऱ्याच्या हायस्कुलात घालायला मी स्वतः गेलो होतो, हात धरून, मोटारीत याला ओकाऱ्या झाल्या होत्या. आज कोटाच्या खिशात सोनेरी पेन.

"गुरुजी, हुतूतूच्या सामन्यात तुम्ही पंच होता. आपल्याच शाळेचा दौलत बाद होता, तुम्ही बाद दिलात. आपण हरलो. सगळ्या गावानं शिव्या घातल्या तुम्हाला. तेव्हापासून मी न्याय म्हणजे काय ते शिकलो. पंचानं खेळायचं नसतं."

आठवलं. दौलत रडत घरी गेला होता आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी बोरं घेऊन आला होता. काय दिवस होते ते. हरणं म्हणजे फक्त हरणंच असायचं.

म्हणालो, "शंकर, त्या दिवशी मी पंच व्हावं म्हणून तू टाळ्या वाजवल्या नव्हत्यास."

तो नुसता हसला. पण त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यामुळंच तर माझी झोप गेलीय. डाव लबाडीचा, पण मुद्दा खरा. आज माझ्या मतानं दौलतला बसवलं तरी उद्या प्रत्येक ठरावाला पाच-पाच, आणि प्रत्येक वेळी खुर्चीचं मत. महिन्याभरात दिवाण महाराजांना सांगेल, हे सभेचं मंत्रिमंडळ नव्हे, मास्तरांचं आहे.

५ फेब्रुवारी

दौलत. आज मिठी नाही. ओट्यावर बसला, आत आला नाही.

"गुरुजी, सरळ विचारतो. दहा तारखेला मत देनार का न्हाई?"

नियम सांगायला लागलो. तो ऐकत होता, मान खाली. पलटणीत साहेबाचं ऐकताना असाच बसत असेल.

"मला तुमचा नियम कळत न्हाई. मी लय मानसं मेलेली बघून आलोय. म्हनलं, गावात जाऊन कायतरी नीट करू. तुमी शिकिवलेलं." उठला. "तुमाला खुर्चीत मीच बशिवलं. चूक माजीच हाय."

त्यानं चूक कबूल केली तेच जास्त लागलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिलो, मागं वळला नाही.

७ फेब्रुवारी

बिरूबाची चाळीस मेंढरं कोंडवाड्यात. कुरणाचं कुंपण एका जागी मोडलं होतं, शिरली. दुपारी कोंडवाड्यावर गेलो. मेंढरं एकमेकांना चिकटून उभी. एक कोकरू आईखाली शिरायला बघतंय आणि जागा नाही. बिरूबा बाहेर उकिडवा बसलेला.

म्हणालो, दिवाणांना भेटतो. म्हणालो, मी अध्यक्ष आहे, काही तरी…

तो वर न बघताच बोलला. "आवं गुरुजी, तुमास्नी आमी खुर्चीत बसाया न्हाई पाठिवलं. आमचा हात वर कराया पाठिवलं. सात वाड्यांचा मिळून योक हात. त्यो कुठं हाय?"

फेट्याखाली घाम आला. हो, फेटा बांधून गेलो होतो. कोंडवाड्यावर.

८ फेब्रुवारी

आक्काला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. नियम, पंच, पुस्तक, सगळं ऐकून घेतलं.

"मग उतर की खाली. बाकावर बस. हात वर कर."

म्हटलं, तसं नाही गं, मी उतरलो तर दुसरं कुणीतरी बसणार. आमच्यातला बसला की परत पाच-पाच. त्यांच्यातला बसला तरच सुटतं, आणि ते खुळे नाहीत.

"ते पुढचं. तू उतरायचं का न्हाई ते सांग." सूप खाली ठेवलं. "गोविंदा, रोज सकाळी कोर्टाचा हुकूम असल्यागत फेटा बांधतोस. आरशापुढं. खुर्ची सोडवत न्हाई म्हण की. उगा पुस्तकाचं नाव कशाला?"

रागानं बाहेर पडलो. शाळेपर्यंत गेलो. खोली बंद होती. खिडकीतून बघितलं तर खुर्चीवर पांढरं कापड घातलेलं. खिडकीशी बराच वेळ उभा होतो. आक्का लहानपणापासून अशीच, खपली नखानं काढते. आणि खाली नेहमी ओलंच निघतं.

९ फेब्रुवारी

आज गेलो. रावसाहेबांच्या दारात एकोणीस वर्षांनी.

त्यांच्या थोरल्याला मी चौथीत नापास केलं, तेव्हापासून बोलणं बंद. त्याआधी? त्याआधी आम्ही एकाच ताटात जेवायचो. साताऱ्याला शिकायला दोघं बरोबर गेलो, दोन दिवस चालत. एका खोलीत चार वर्षं. तो इनामदाराचा, मी भिक्षुकाचा. पण खोलीत तो बाळ्या आणि मी गोंद्या. यवतेश्वराच्या डोंगरावर चढून गावाची दिशा शोधायचो. तिथून गाव दिसणं शक्यच नव्हतं. पण बाळ्या बोट दाखवायचा, "त्यो बघ आपला डोंगर," आणि मला दिसायचा. रडू आलं की दोघांना एकदमच यायचं.

तो बैठकीत एकटा होता. थकलाय. "या अध्यक्ष," म्हणाला.

मी उभ्याउभ्याच बोललो. बसलो असतो तर धीर गेला असता. "बाळ्या, तू माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा. मान तुझा होता. वीस तारखेला कुणी विचारलं नाही, आणि मला माहीत असून मी गप्प बसलो. उद्या मी उतरतोय. सगळ्यांसमोर सांगणार आहे."

त्यानं बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "मी तिथं बसलो तर आमचं पाचाचं चार."

"होय."

"आणि तुमचं सहा. दौल्याचं मंत्रिमंडळ."

"होय."

"आणि मी न्हाई बसलो तर तुमच्यातलाच कुनीतरी परत बसनार. गाडं जाग्यावर."

"होय."

"गोंद्या, मला फसवाया आलायस का सांगाया?"

"सांगायला. फसवायचं असतं तर नुसताच मान दिला असता."

त्यानं काठी उचलली, परत ठेवली. म्हणाला, "माजा पोरगा खरंच नापास व्हता का रं?"

"सात मार्कांनी."

"सात." हसला की काय कळलं नाही. "जा. दिवे लागायची येळ झाली."

इतकंच. पण गोंद्या म्हणाला. आता मला गोंद्या म्हणणारं या जगात दुसरं कोणी उरलेलं नाही. परत येताना रस्ताभर तेच कानात.

१० फेब्रुवारी

बैठक ११ वा.

फेटा न बांधता गेलो. जुनी काळी टोपी. खुर्चीत बसलो नाही, शेजारी उभा राहिलो. कागद लिहून नेला होता, पण तो खिशातच राहू दिला आणि न बघताच बोललो. म्हणालो, वडीलकीचा मान म्हणून मला इथं बसवलं, पण सभेत माझ्याहून वडील रावसाहेब आहेत. हे मला माहीत होतं. न बोलता बसलो, ही माझी चूक. दुसरं, मला माझ्या वाड्यांनी हात वर करायला पाठवलंय आणि खुर्चीत बसून हात वर करता येत नाही. म्हणून राजीनामा.

शंकर ताडकन उभा. "हरकत!" दिवाणसाहेबांनी पुस्तक चाळलं. पुन्हा चाळलं. अध्यक्षानं राजीनामा देऊ नये असं कुठं सापडलं नाही.

खाली उतरलो. तीन पावलं. बाकावर दौलतशेजारी बसलो. तो सरकला, जागा केली, आणि बाकाखालून माझा हात घट्ट धरला. त्याचे डोळे पुन्हा भरलेले, वीस तारखेसारखे.

मागं वळून खुर्चीकडं बघितलं. न बघता राहवेना.

नव्या अध्यक्षासाठी दिवाणांनी नावं मागितली. दौलत उभा राहिला, रावसाहेबांचं नाव घेतलं. शंकर त्यांच्या कानाशी लागून सारखा बोलतोय. रावसाहेब उठले. खिडकीत सात वाड्यांची माणसं, काही कोंडवाड्यावरूनच आलेली.

"मला एक दिस द्या," रावसाहेब म्हणाले. "मान म्हंजे काय हातावर घिऊन खायाची गोष्ट न्हाई."

बैठक परवा बारा तारखेला.

बाहेर बिरूबा भेटला. राम राम केला. मेंढरं अजून आतच. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "बघितलं. खाली बसलासा." मग माझ्या बाजूनं चालला, वळणापर्यंत.

आक्कानं गुळाचा सांजा केला होता. का, ते विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

दिवसभर घरी. बातम्यांवर बातम्या. शंकर सकाळी दोनदा रावसाहेबांकडं जाऊन आला. दिवाणांची मोटार त्यांच्या दारात. कोणी म्हणतं, नकार पक्का. कोणी म्हणतं, रावसाहेबांनी जुना जरीचा फेटा उन्हात टाकायला सांगितलाय. दौलत येरझाऱ्या घालतोय, त्याला बस म्हटलं तर बसत नाही. त्यांनी नकार दिला तर आमच्यातला एक परत वर, पाच-पाच, आणि उन्हाळा तोंडावर. मला सगळं माहीत आहे. तरी कालपासून छातीवरचा दगड हललाय. का, ते नीट सांगता येत नाही.

दिवेलागणीला काठीचा आवाज. रावसाहेब. चालत आले, बरोबर गडी नाही. दौलत चटकन मागं परसात गेला.

ओट्यावर बसले. आक्कानं चहा आणला, डोक्यावरचा पदर नीट केला, "बाळासाहेब, लय वाळलासा," म्हणाली, आत गेली. आम्ही दोघं समोरचा रस्ता बघत बसलो. दोन बैलगाड्या गेल्या. एका गाडीवानानं आम्हा दोघांना एकत्र बसलेलं बघून गाडीच थांबवली, मग लाजून हाकली.

चहा संपवला. कपबशी खाली ठेवली.

"खुर्ची टोचती का रं?"

"टोचते."

"बसताना?"

"बसताना नाही. बसल्यावर खिडकीतली माणसं दिसतात, तेव्हा."

त्यानं मान हलवली. मग काठीवर जोर देऊन उठला. मी हात दिला, तो त्यानं घेतला. हो की नाही, काही बोलला नाही. मीही विचारलं नाही; ते उद्याच्या बैठकीत कळेलच. अंधार पडत होता, म्हणून त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत त्याला सोडून आलो.